कबड्डीचे एजंट-आधारित प्रारूप: डावपेच स्थिरावत नाहीत आणि लोणही पडत नाही

प्रश्न | मध्यरेषा

नमस्कार. पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी कबड्डीच्या सामन्याचे एजंट-आधारित प्रारूप, म्हणजे स्वतःचे निर्णय स्वतः घेणाऱ्या आभासी खेळाडूंचे (एजंटांचे) संगणकीय प्रारूप, पायथनमध्ये, मेसा ही लायब्ररी वापरून, तयार करत आहे. ज्या व्यवस्थेत सर्वांवर हुकूम चालवणारे केंद्र नसते, प्रत्येक घटक आपल्यापुरत्या माहितीवर निर्णय घेतो, समोरच्याच्या वागण्यानुसार आपले वागणे बदलतो आणि त्यातून कोणीच न ठरवलेले आकृतिबंध उभे राहतात, तिला जटिल अनुकूलनशील प्रणाली म्हणतात, हे आम्हाला पक्ष्यांचे थवे आणि शेअर बाजार यांच्या उदाहरणांवरून शिकवले गेले. स्पर्धात्मक खेळही या व्याख्येत बसतात असे मला वाटते, आणि कबड्डी लहानपणापासून पाहत आलो असल्यामुळे तीच निवडली.

रचना थोडक्यात अशी आहे. प्रत्येक संघात सात एजंट आहेत आणि एक चढाई म्हणजे प्रारूपाचे एक पाऊल. चढाईपटूसमोर चार पर्याय असतात: बोनस घेणे (म्हणजे बोनसची रेषा ओलांडून गुण मिळवणे), हाताने गडी टिपणे, पायाने टिपणे किंवा रिकाम्या हाताने परतणे. बचाव करणारा संघ खोलवर थांबतो, कोपरा पुढे काढून घोट्यावर झेप घेतो किंवा साखळी करून मधली वाट आवळतो. प्रत्येक पर्यायाला एक वजन दिले आहे. तो पर्याय यशस्वी झाला की वजन वाढते, फसला की घटते, आणि जुन्या अनुभवाचा प्रभाव हळूहळू ओसरत जातो. नियम सध्याच्या व्यावसायिक सामन्यांचे घेतले आहेत: चढाई ३० सेकंदांची, बचावात सहा किंवा अधिक गडी असतील तरच बोनस, तीन किंवा त्याहून कमी असतील तर पकडीला एक जादा गुण, लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘डू ऑर डाय’ (तीही रिकामी गेली तर चढाईपटू बाद), आणि सगळा संघ बाद झाला की लोणाचे दोन जादा गुण.

आता अडचण सांगतो. हजारो सामने खेळवूनही डावपेच कोठेच स्थिरावत नाहीत. काही काळ बोनसचे प्रमाण चढते, मग कोपऱ्याच्या झेपा वाढतात, मग पायाने टिपणे वाढते आणि पुन्हा फिरून बोनस येतो. शिवाय पहिल्या दोन चढाया एजंट बहुतेक वेळा रिकाम्याच सोडतात, आणि लोण तर जवळजवळ पडतच नाही. माझ्या मार्गदर्शकांचे म्हणणे असे की एजंटांचा एवढा खटाटोप करण्यापेक्षा गेम थिअरीने समतोल, म्हणजे ज्यावरून एकट्याने हटून कोणाचाच फायदा होत नाही असे डावपेचांचे मिश्रण, काढला असता तर दोन पानांत उत्तर मिळाले असते. ही माझ्या प्रारूपातील चूक समजावी की खेळाचा स्वभाव समजावा, आणि मार्गदर्शकांना काय उत्तर द्यावे?

प्रतिसाद १ | आकडेमोड

तुमच्या मार्गदर्शकांचा आक्षेप मला गैरवाजवी वाटत नाही, म्हणून त्यापासूनच सुरुवात करतो. फुटबॉलमधील पेनल्टी किकचा अभ्यास इग्नासिओ पालासिओस-हुएर्ता यांनी २००३ साली हजाराहून अधिक किकांची नोंद घेऊन केला, आणि व्यावसायिक खेळाडू डाव्या-उजव्या बाजूंची सरमिसळ समतोलाच्या गणिताला धरून करतात असे त्यात आढळले. तेथे एजंट लागले नाहीत आणि लागायचे कारणही नव्हते, कारण एक मारणारा, एक अडवणारा, एकच क्षण आणि मागे काही शिल्लक न ठेवणारा निकाल एवढाच तो मामला होता.

कबड्डीत मात्र प्रत्येक चढाई पुढच्या चढाईसाठी मैदान बदलून ठेवते. केवळ दोन्ही बाजूंच्या गड्यांची संख्या, दोघांच्या रिकाम्या चढायांचा हिशेब आणि पाळी कोणाची, एवढेच धरले तरी ७ × ७ × ३ × ३ × २ म्हणजे ८८२ स्थिती होतात. हे अजून आवाक्यात आहे. गडी सगळे सारखेच आहेत आणि कोणीच काही शिकत नाही असे मानले तर या ८८२ स्थितींचे कोष्टक मांडून उत्तर काढता येईल, आणि तेवढ्यासाठी एजंट वापरणे म्हणजे खरोखरच व्याप आहे. पण आत किती गडी आहेत याऐवजी कोणते गडी आहेत हे महत्त्वाचे मानले, म्हणजे मुख्य चढाईपटू बाहेर बसला आहे की राखीव दर्जाचा, तर प्रत्येक बाजूला १२७ शक्यता होतात आणि एकूण स्थिती २ लाख ९० हजारांच्या घरात जातात. त्यात बाद गडी जिवंत होऊन पुन्हा आत येण्याचा क्रम आणि प्रत्येकाची बदलती सवय मिळवली की कोष्टकाची वाट बंद होते. मार्गदर्शकांना हे सांगा, मात्र आधी तुमचे एजंट खरोखरच एकमेकांपासून वेगळे आहेत ना याची खात्री करून घ्या. सातही एजंट एकाच साच्यातून काढलेले असतील, तर वाद तेच जिंकतील आणि रास्तपणे जिंकतील.

आता गोल फिरण्याविषयी. तुम्ही सांगितलेला फेरा पाहून मला आनंदच झाला. चढाईपटू बोनस घेऊ लागले की कोपऱ्याला पुढे सरकून घोटा धरण्याचा मोह होतो; कोपरा पुढे आला की पायाने त्याला टिपणे सोपे जाते; तो मार खाऊन मागे खोलवर गेला की बोनसची रेषा पुन्हा मोकळी होते. हा दगड-कागद-कात्रीचाच खेळ आहे. युझुरु सातो, आकियामा आणि डॉइन फार्मर यांनी २००२ साली दाखवून दिले की दगड-कागद-कात्रीसारख्या साध्या खेळातही दोन्ही बाजू अनुभवावरून शिकत राहिल्या, तर त्यांची वाटचाल समतोलावर स्थिर होईलच असे नाही आणि ती केऑटिक, म्हणजे पुढचा अंदाजच बांधता येऊ नये इतकी अनियमितही होऊ शकते. तुमच्या प्रारूपात एक सोपी चाचणी करून पाहता येईल. एजंटांची एक वेगळी जात तयार करा, जी काहीच विसरत नाही आणि प्रतिस्पर्ध्याच्या आजवरच्या सगळ्या चालींच्या सरासरीला सर्वोत्तम उत्तर देते. एकाच चढाईपुरता विचार करून दोघांच्या नफ्या-तोट्याची बेरीज शून्य ठेवली, तर अशा एजंटांच्या डावपेचांची सरासरी प्रमाणे समतोलाकडे जातात हे ज्युलिया रॉबिन्सन यांनी १९५१ मध्येच सिद्ध केले आहे. तेथेही सरासरी स्थिरावली नाही, तर कोडमध्ये चूक आहे. ती स्थिरावली आणि विसराळू एजंट मात्र फिरत राहिले, तर फिरण्याचे मूळ विसरण्यात आहे. आणि खरे संघही गेल्या मोसमापेक्षा गेल्या सामन्याकडेच जास्त पाहतात, हे आपण जाणतोच.

रिकाम्या चढायांचे गणित तर कागदावरही होते. समोर चार किंवा अधिक गडी असताना एक गडी टिपला तर एक गुण मिळतो आणि पकडले गेलो तर एक जातो, म्हणजे यशाची शक्यता निम्म्याहून अधिक वाटली तरच भिडण्यात अर्थ आहे. समोर तीन किंवा दोन गडी उरले की पकडीची किंमत दोन गुण होते, आणि हाच उंबरठा दोन तृतीयांशांवर जातो. एकच गडी उरला की मात्र स्पर्शाचा एक आणि लोणाचे दोन असे तीन गुण एका बाजूला आणि गमावण्याचे दोन दुसऱ्या बाजूला येतात, म्हणून ४० टक्के शक्यतेवरही झडप घालणे परवडते. (जिवंत होण्याची किंमत यात धरलेली नाही, ती धरली की आकडे सरकतील.) परतणे फुकट असेल तोवर शहाणा एजंट उंबरठ्याखाली परतणारच. तिसऱ्या चढाईत परतण्याची किंमत पकडले जाण्याएवढीच होते, त्यामुळे सगळी जोखीम तेथे येऊन साचते. बचावपटूही हेच शिकतात: तिसऱ्या चढाईत गडी भिडायला आलाच पाहिजे हे ठाऊक असल्यावर पहिल्या दोन चढायांत उगाच झेप कशाला घ्यायची? दोन्ही बाजूंनी न बोलता केलेला हा करार तुमच्या कोडमध्ये एका ओळीनेही लिहिलेला नाही, तरी तो आकडेवारीत दिसतो. ही चूक नाही.

लोण का पडत नाही, हे मात्र मला सांगता येत नाही.

प्रतिसाद २ | जुना पंच

मला संगणकातले फारसे कळत नाही. पण मातीच्या मैदानावर आणि पुढे मॅटवर मिळून बरीच वर्षे शिटी वाजवली आहे, त्या आधारावर लिहितो.

लोणाबद्दल माझा थेट प्रश्न असा, की तुमच्या प्रारूपात बोनसच्या गुणावर गडी जिवंत होतो का? होत असेल तर सगळा गोंधळ तेथेच आहे. बोनसने फलकावर गुण चढतो, पण बाहेर बसलेला गडी आत येत नाही. गडी जिवंत होतो तो प्रतिपक्षाचा गडी बाद झाल्यावरच. आता विचार करा, ज्या संघाचे दोनच गडी उरले आहेत त्याच्यासमोर बहुतेक वेळा सहा-सात जण उभे असतात, म्हणजे बोनस खुला असतो. त्या बोनसवर गडी जिवंत होऊ लागले, तर मरणाऱ्या संघाला दर चढाईला सलाइन लावल्यासारखे होईल आणि लोण कधीच पडणार नाही.

दुसरी गोष्ट तुमच्या ‘झेप’ या पर्यायाविषयी. संपूर्ण बचाव एकाच निर्णयाने हलतो असे तुम्ही धरलेले दिसते, पण मैदानावर तसे घडत नाही. डावा कोपरा, त्याच्या आत इन, मग कव्हर, मध्ये सेंटर आणि तसेच उजवीकडे, असे सात जण उभे असतात आणि प्रत्येक जण शेजाऱ्याच्या खांद्याकडे अर्धा डोळा ठेवून असतो. चढाईपटूचा पाय बोनसच्या रेषेकडे गेला, कोपऱ्याने घोट्यावर हात टाकला आणि घोटा निसटला, असे समजा. त्या क्षणी कव्हर धडक देण्यासाठी निघालेलाच असतो, कारण कोपरा हलला की आपण हलायचे हे त्याच्या अंगात भिनलेले असते. त्याला मागे फिरता येत नाही. तोही आपटतो, त्याच्या मागून इन येतो, आणि चढाईपटू तिघांना अंगावर घेऊन हात लांबवून मध्यरेषा गाठतो. एका घोट्याची चूक आणि तीन गडी बाहेर! हे तिघांनी मिळून ठरवलेले नसते, आणि त्याच सवयीने एरवी उत्तम पकडी होत असतात. तुमच्या सात एजंटांना एकच डोके दिलेत, तर असे तीन गुण तुम्हाला कधीच दिसणार नाहीत.

तिसरी गोष्ट आजच्या मुलांना ठाऊक नसते, पण तुमच्या कामाची आहे. आपल्याकडे कबड्डीचे तीन जुने प्रकार होते. संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला बाद गडी जिवंत होतो, आणि आजचा खेळ याच प्रकारातून पुढे आला. गामिनीत बाद झालेला गडी, सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच राहतो. अमरमध्ये कोणी बाहेर जातच नाही, फक्त गुण मोजले जातात. तुम्हाला संगणकावर सामने खेळवता येतात, तर हे तिन्ही प्रकार त्याच गड्यांना खेळायला लावून पाहा.

प्रतिसाद ३ | आकडेमोड

जुन्या पंचांनी सांगितलेले तीन प्रकार म्हणजे तयार प्रयोगच आहेत, आणि ते मला सुचायला हवे होते याची थोडी लाज वाटते.

असे पाहा. गामिनीत गडी कमी झाले की बचाव दुबळा होतो, त्यामुळे आणखी गडी जातात आणि घसरण स्वतःलाच खाद्य पुरवत राहते. घसरणीला आवर घालणारी गोष्ट लोण पूर्ण पडल्याशिवाय येत नाही. अमरमध्ये ही घसरणच नाही, कारण प्रत्येक चढाई पूर्ण संघांमध्ये होते, म्हणजे मागचा निकाल पुढच्या स्थितीत उतरतच नाही. पेनल्टी किकवाल्या गणिताला सर्वात जवळचा प्रकार हा. संजीवनी या दोहोंच्या मध्ये आहे. आजच्या नियमांनी त्यावर आणखी आवर घातले आहेत: तीन गडी उरले की पकडीला जादा गुण मिळतो, आणि लोण पडताच सातही गडी परत येतात. याउलट बोनससाठी सहा बचावपटूंची अट आहे; ती दुबळ्या संघाला समोरच्या भरलेल्या मैदानावर गुण मिळवू देते, पण माणसे परत देत नाही. दुबळ्याला गुण मिळतात आणि तरी तो दुबळाच राहतो, ही फार बारीक रचना आहे. मध्यरेषा, तुमच्या कोडमध्ये बोनसने गडी जिवंत होत असतील, तर तुम्ही नकळत एक चौथाच खेळ शोधून काढला आहे.

म्हणून माझी सूचना अशी की अमुक संघ जिंकेल का हा प्रश्न प्रारूपाला विचारू नका. शिकण्याची रीत तीच ठेवा, एजंट तेच ठेवा, आणि एका वेळी एकच नियम काढून पाहा. जादा गुणाची पकड काढली तर तीन गड्यांवर आलेला बचाव झेप घ्यायचे थांबवतो का? तिसऱ्या चढाईची सक्ती काढली तर आघाडीवर असलेला संघ उरलेला वेळ रिकाम्या चढायांत घालवतो का? येथे शक्यतांचे कोष्टक तुमच्या उपयोगाचे नाही, कारण नियम बदलला की खेळाडूही बदलतात आणि जुन्या सामन्यांवरून काढलेल्या शक्यता नव्या नियमाखाली लागू राहत नाहीत. मार्गदर्शकांपुढे ठेवण्यासारखा खरा मुद्दा मला हा वाटतो.

प्रतिसाद ४ | उलटतपासणी

वरील चर्चा उत्तम आहे, पण उत्साहाच्या भरात एक धोका नजरेआड होतो आहे. चार चढाया, तीन पवित्रे, शिकण्याचा वेग, विसरण्याचा वेग, शिवाय शेजाऱ्याकडे पाहण्याचे अंतर, फिरवता येणारी एवढी बटणे हाताशी असतील तर कोणत्याही एका सामन्याचा गुणफलक जुळवून दाखवता येतो. त्याने काहीही सिद्ध होत नाही. टॉमस शेलिंग यांचे १९७१ चे वस्तीविभाजनाचे प्रारूप आजही शिकवले जाते, कारण शेजारी आपल्यासारखे किती असावेत या एका मापाच्या आधारावर त्यांनी अनपेक्षित निकाल दाखवला.

तुम्ही प्रारूप जुळवताना एक आकृतिबंध वापरा आणि तपासताना वेगळेच चार वापरा. उदाहरणार्थ, रिकाम्या चढायांचे प्रमाण पाहून शिकण्याचा वेग ठरवलात, तर नंतर दोन लोणांमधील अंतर, तीन किंवा अधिक गुणांच्या चढाया किती वेळा होतात, मुख्य चढाईपटू बाहेर असतानाचा गुणांचा वेग आणि सामन्याच्या शेवटच्या पाच मिनिटांतील जोखीम, या गोष्टी बटणांना हात न लावता प्रत्यक्ष सामन्यांशी जुळतात का ते पाहा. चारपैकी एक जुळली नाही तर तीच सर्वात उपयोगी ठरेल, कारण कोणती गोष्ट सुटली ते तेथे कळेल. सामन्यांच्या नोंदी मिळत नसतील तर चित्रफीत पाहून स्वतः वहीत मांडा. प्रत्येक चढाई पूर्ण ३० सेकंद चालली असे धरले तरी ४० मिनिटांत ८० चढाया होतात, आणि एवढ्या नोंदी एका संध्याकाळी करता येतात.

प्रारूपाचे वर्णन लिहिताना फोल्कर ग्रिम आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडलेली ओडीडी पद्धत, म्हणजे ठरावीक मथळ्यांखाली प्रारूपाचा सगळा तपशील लिहिण्याची रीत, वापरा. ती रुक्ष आहे हे मान्य, पण ‘बोनसनंतर काय होते’ हे शब्दांत लिहायला बसला असतात, तर जिवंत करण्याची चूक तुम्हाला स्वतःलाच सापडली असती.

आणखी एक बारीक सूचना करतो. डावपेचांची ताकद प्रतिस्पर्ध्यांच्या गर्दीवर अवलंबून असते. सहकार्य करायचे की दगा द्यायचा हा डाव वारंवार खेळणाऱ्या संगणकीय डावपेचांच्या, रॉबर्ट अ‍ॅक्सलरॉड यांनी भरवलेल्या स्पर्धांमध्ये पहिल्या खेपेला १४ आणि दुसऱ्या खेपेला ६२ प्रवेशिका आल्या होत्या, आणि दोन्ही वेळा अ‍ॅनाटोल रॅपोपोर्ट यांची ‘टिट फॉर टॅट’ (समोरच्याने मागच्या वेळी केले तेच आपण करायचे) जिंकली, तरी वेगळ्या प्रवेशिका आल्या असत्या तर निकाल वेगळा लागला असता हेही त्या अभ्यासातूनच पुढे आले. तुमचे दोनच संघ एकमेकांशी हजारो सामने खेळत असतील, तर ते एकमेकांच्याच खोडी शिकतील. निदान आठ-दहा संघांची साखळी स्पर्धा खेळवा.

प्रतिसाद ५ | मध्यरेषा

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला चार दिवस लागले, कारण आधी कोड तपासून पाहिले.

जुन्या पंचांचा अंदाज अचूक ठरला. गुण वाढवण्याचे आणि गडी जिवंत करण्याचे काम मी एकाच फंक्शनमध्ये ठेवले होते, आणि बोनसही त्यातूनच जात होता. ते वेगळे केल्यावर लोण पडू लागले, आणि पडू लागले तेही एकामागोमाग. एक लोण पडल्यावर काही चढाया शांततेत जातात आणि मग पुन्हा घसरण सुरू होते. गोल फिरणे थांबलेले नाही, पण सर्व काही लक्षात ठेवणाऱ्या एजंटांची सरासरी प्रमाणे मात्र स्थिरावताना दिसतात, त्यामुळे तेथे तरी मी निश्चिंत आहे.

बचावाचे एकच डोके काढून प्रत्येक एजंटाला स्वतःचे वजन आणि दोन्ही बाजूंचे शेजारी दिले आहेत. कोपरा हलला की कव्हर हलतो एवढी एकच सवय घातली, तर एकाच चढाईत तीन गडी जाण्याचा प्रकार पहिल्याच रात्री दिसला. ही सवय मी कोडमध्ये कायमची बसवावी की एजंटांनाच शिकू द्यावी, याचा निर्णय अजून झालेला नाही. शिकू दिली तर काही संघांचे कव्हर हलायचेच थांबतात, आणि मग कोपरा एकटा पडतो.

जुन्या पंचांना आणखी एक विचारायचे आहे. गडी ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने जिवंत होतात, हे मी पाळले आहे. पण एकाच चढाईत तीन गडी एकत्र बाद झाले, तर त्यांच्यातला आधी कोण मानायचा?

प्रतिसाद ६ | जुना पंच

ज्याला आधी स्पर्श झाला तो आधी. पंच आणि गुणलेखक त्याच क्रमाने नाव लिहून घेतात, आणि मैदानावरचे निम्मे वाद त्यावरच होतात. तुमच्या संगणकाला स्पर्शाचा क्रम कळत नसेल, तर आधी तो शिकवा; मुख्य चढाईपटू रांगेत पहिला बसला आहे की तिसरा, यावर पुढची पाच मिनिटे ठरतात.